चार क्लिक

माधवनगरच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे आमच्या क्लबची पन्नास मीटरची रेंज आहे. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, मधे गवत. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि सहा वर्षांपासून या क्लबची सचिव आहे. नेमबाजी मला बेताचीच येते. नोंदी मात्र मी चांगल्या ठेवते, असं सगळे म्हणत.

रायफली आकारामआबा सांभाळत. आकाराम साळुंखे, निवृत्त हवालदार. फौजेत त्यांची अठरा वर्षं शस्त्रागारात गेली होती. गाव कोरेगावच्या पुढे, पण बायको गेल्यापासून माधवनगरला मुलीकडे राहत. शस्त्रांच्या खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे असे, दुसरी माझ्याकडे. रायफलचा झिरो लावणं हे त्यांचं काम. नेम जिथे धरला तिथेच गोळी बसावी म्हणून, डोळा लावायची जी मागची साइट असते तिचा स्क्रू फिरवून जुळवतात, त्याला झिरो लावणं म्हणतात. आबा ते नव्या मुलांना एका वाक्यात सांगत, "डोळ्याचं आन् गोळीचं जमवून द्यायचं." जमलं की नातीच्या नेलपॉलिशची पांढरी रेघ स्क्रूवर ओढत, म्हणजे कुणाचा हात लागला तर कळावं.

गेल्या वर्षी आमच्या क्लबला प्रशिक्षकाचा बिल्ला मिळाला, एकच. स्पर्धेत नेमबाजाच्या मागे खुर्ची टाकून बसायची परवानगी त्या बिल्ल्याला असते. तो आबांना मिळणार असं सगळे धरून चालले होते. सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "अनुभव हवाच. पण अनुभवाला आकड्यांची जोड लागते." मी पुण्याला दहा दिवसांचा अभ्यासक्रम केला होता. अध्यक्ष नानासो म्हणाले, "बराबर हाय, आता शास्त्राचं दिवस हायत." बिल्ला मला मिळाला. आबांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आमच्या क्लबात खरी नेमबाज एकच, कशिश मुजावर. तासगावची, वीस वर्षांची. तिचे वडील यासीनभाई विहिरींवरच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात. कशिश आठवड्यातून तीनदा एसटीने यायची. बोलायची कमी, पण चेष्टेत तयार. वीस गोळ्यांत दोनशेपैकी एकशे नव्वदच्या खाली ती सहसा येत नसे. कनिष्ठ गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. फेब्रुवारीत साताऱ्याला विभागाची निवड चाचणी होती. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून मिळून तीन मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या. यंदा हुकलं की कनिष्ठ गट कायमचा संपला.

चाचणी रविवारी होती. आमच्या जुन्या गोळ्या संपत आल्या होत्या, डब्यात बाराच उरल्या होत्या. नव्या शनिवारी दुपारी पुण्याहून आल्या. दोन खोकी, शंभर गोळ्या. जाडी तीच, वजन तेच, कंपनी वेगळी.

आबांनी खोकं हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "मॅडम, पाच राऊंड मारून बघू या. झिरो जुन्यावर लावलाय."

"आबा, शंभरच आहेत. राज्य स्पर्धेला पुरवायच्या आहेत."

"पाचच म्हणतोय मी, पन्नास न्हाई."

"खोक्यावर वेग लिहिलेला असतो. त्यावरून निघतं ते. मी काढते."

"कागदावर?"

"कागदावरच काढतात, आबा."

ते हसले. "बरं. कागदावर काढा," म्हणाले आणि चहाला गेले.

मी खरंच काढलं. जुन्या गोळीचा वेग सेकंदाला तीनशे सत्तावीस मीटर, नवीचा तीनशे पंचेचाळीस. वेगवान गोळी पन्नास मीटर लवकर पार करते, तेवढा कमी वेळ ती खाली पडत असते. हवेचा अडथळा धरून हिशेब आला अकरा मिलिमीटर. म्हणजे नवी गोळी अकरा मिलिमीटर वर लागणार. स्क्रूच्या एका क्लिकला, म्हणजे फिरवताना टक् वाजणाऱ्या एका टप्प्याला, गोळी पावणेतीन मिलिमीटर सरकते. अकरा भागिले पावणेतीन, बरोबर चार. उत्तर इतकं नीट आलं की मला बरं वाटलं. मी माझ्या किल्लीने खोली उघडली आणि कशिशच्या रायफलचा स्क्रू चार क्लिक खाली घेतला. पांढरी रेघ जुळेनाशी झाली. आबा परत आल्यावर सांगू, असा विचार केला. ते आले तेव्हा नानासोंचा फोन चालू होता, मग जीपचं ठरवायचं होतं. सांगितलं नाही. कशिशलाही नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी मुलीच्या डोक्यात आकडे नकोत, असं मी स्वतःला समजावलं.

साताऱ्याची रेंज नवी होती. नेमबाजांच्या रांगेमागे काच आणि काचेमागे बाकं. बिल्ला असल्यामुळे मी कशिशच्या मागे खुर्चीवर बसले. आबा आणि नानासो काचेपलीकडे. कशिश चटईवर पालथी झोपली, दंडाला पट्टा आवळला आणि पाच चाचणी गोळ्या मारल्या. चाचणी गोळ्या त्यासाठीच असतात. कुठे लागतंय ते बघायचं, स्क्रू फिरवायचा, मग मोजायच्या गोळ्या सुरू.

मी दुर्बिणीतून लक्ष्य पाहिलं. पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील इतक्या जवळ, पण मध्यापासून खाली आणि डावीकडे. आठच्या वर्तुळात.

कशिशने मान वळवली. "मॅडम, खाली-डावीकडे जातंय. सहा क्लिक वर आणि चार उजवीकडे घेऊ का?"

"नको. हात लावू नकोस."

"पण मॅडम..."

"साइट बरोबर आहे. मी बघितली आहे. तुझं बोट घाई करतंय. श्वास सोड, आणि ट्रिगर सावकाश."

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

आता मी जे लिहिते आहे ते माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवते. चुका दोन प्रकारच्या असतात. हात थरथरला, नजर चुकली, तर मोजमापं विखुरतात, कधी इकडे, कधी तिकडे. उपकरणच चुकीचं लावलेलं असेल तर मोजमापं एकमेकांजवळ येतात, पण सगळी एकाच बाजूला सरकलेली. फळ्यावर मी त्यासाठी चक्क लक्ष्यच काढते. पाच ठिपके जवळजवळ, मध्यापासून दूर, आणि विचारते, हा दोष कुणाचा? पंधरा वर्षं काढते आहे. त्या दिवशी तेच चित्र पन्नास मीटरवर समोर होतं आणि मी दोष मुलीच्या बोटाला दिला.

पहिल्या दहा गोळ्या आठात, एखादी नवात, एखादी सातात. मी मागून तेच बजावत राहिले. श्वास. बोट. घाई नको. मधे एकदा काचेकडे पाहिलं. आबा बाकावरून उठून काचेला अगदी चिकटले होते. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरली आणि फिरवली, स्क्रू फिरवतात तशी. पुन्हा फिरवली. मी बघितलं, त्यांनी मला बघताना बघितलं, आणि मी दुर्बिणीला डोळा लावला.

सोळाव्या गोळीपासून चित्र बदललं. दहा. नऊ. दहा. नऊ. नऊ. मी पुढे वाकून म्हणाले, "बघ. हात स्थिर झाला की नाही?" तिने दंडाचा पट्टा सोडला.

एकशे सदुसष्ट. तिसरी आलेली मुलगी एकशे चौऱ्याऐंशीवर होती. कशिश सहावी.

परतताना हायवेवर चहाला थांबलो. नानासोंनी जीपमधली पेटी उघडून रायफल बाहेर न काढताच साइट पाहिली. ऊस बागायतदार माणूस, पण तरुणपणी त्यांनीही नेमबाजी केली होती. "आबा," ते म्हणाले, "ही रेघ जुळत न्हाई की. स्क्रू हललाय."

आबा जवळ गेले. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, रायफल कुणाकडं होती?" नानासोंनी मला विचारलं.

मी म्हणाले, "रायफल आबांच्या ताब्यात असते."

वाक्य खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. पेपर तपासताना मी अशा उत्तराला पूर्ण गुण दिले असते. कशिश जीपला टेकून उभी होती, तिने आबांकडे पाहिलं. आबांनी पेटीचं झाकण लावलं, खटका दोनदा तपासला आणि म्हणाले, "व्हय. माज्याच ताब्यात असती."

सोमवारी क्लबात बैठक झाली. बैठक म्हणजे नानासो, मी आणि आबा. चाचणीच्या नियमांत एक कलम होतं. क्लबने दिलेल्या शस्त्रात क्लबच्याच चुकीने दोष राहिला असेल आणि क्लबने तसं लेखी कबूल केलं, तर यादी जाण्याआधी त्या नेमबाजाला पुन्हा संधी मिळते. मात्र जबाबदार माणसाला त्या वर्षभर शस्त्रं हाताळता येत नाहीत किंवा नेमबाजांना शिकवता येत नाही. यादी गुरुवारी संध्याकाळी जाणार होती. साताऱ्याला फोन केला, तिथले लोक म्हणाले, पत्र आणा, गुरुवारी सकाळी रेंज मोकळी आहे.

"पत्र कुणाच्या नावानं द्यायचं म्हणजे," नानासो घसा खाकरून म्हणाले, "आता आबा, वाईट वाटून घ्यू नका. वय झालंय तुमचं. रेघ वडताना चुकली आसंल."

"म्हंजे मला डोळं न्हाईत म्हणा की सरळ."

"तसं न्हाई वो."

"तसंच हाय. म्हणा की. म्हाताऱ्याला म्हातारा म्हणाया पंचांग लागत न्हाई." आबा हसले. मग हसू गेलं. "पोरीचं वरीस वाचतंय न्हवं यानं?"

"वाचतंय."

"मग आणा कागद. मी करतो सही."

मजकूर मीच टाइप केला. सचिव मीच. 'मी, आकाराम साळुंखे, लेखी कबूल करतो की रायफलची साइट लावताना माझ्याकडून चूक झाली.' पुढे किती क्लिकचा फरक होता ते लिहायला जागा सोडली, कारण अर्जात तो तपशील मागितला होता. छपाई काढून मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं, रिकाम्या जागेवर टेकवलं.

"किती क्लिक लिहू, मॅडम?"

"चार," मी म्हणाले.

त्यांचं पेन थांबलं. मला समजायला आणखी एक क्षण लागला. रेघ हललेली सगळ्यांनी पाहिली होती, पण क्लिक कुणी मोजले नव्हते. रविवारपासून पेटी उघडलेलीच नव्हती. आकडा फक्त फिरवणाऱ्यालाच ठाऊक असणार.

नानासो फोनवर काहीतरी बघत होते. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत नसलं की मी नजर दुसरीकडे वळवते, तशी त्यांनी वळवली. "बरं. चार," म्हणाले, आणि आकडा लिहिला. सही केली. खिशातून किल्ली काढून कागदावर ठेवली. "मी गावाकडं जातो दोन दिस. हरभरा काढायचा हाय."

ते गेल्यावरही मी बोलले नाही. नानासो तिथेच होते, दार उघडं होतं, आबांची चप्पल अजून पायरीवर वाजत होती. बोलायला अडचण काहीच नव्हती.

मंगळवारी सुट्टी टाकून मी एकटी रेंजवर गेले. का गेले तेही सांगितलं पाहिजे. माझा हिशेब बरोबर आहे हे मला सिद्ध करायचं होतं. तो बरोबर निघाला तर कशिशचं बोट खरंच चुकलं होतं, मग आबांचं पत्र ही नुसती सोय ठरली असती आणि मी वाचले असते.

रायफल मी वाळूच्या पिशव्यांवर ठेवून लाकडी चिमट्यात धरली, म्हणजे माझा हात त्यात कमीत कमी यावा. स्क्रू पांढऱ्या रेघेवर आणला. मोजून चार क्लिक वर. जुन्या पाच गोळ्या मारल्या. पाचही मध्यावर. आबांची रेघ केसाइतकीही चुकलेली नव्हती. मग तिथेच, स्क्रूला हात न लावता, नव्या पाच मारल्या.

चालत जाऊन कागद पाहिला. माझ्या हिशेबाने नव्या गोळ्या अकरा मिलिमीटर वर हव्या होत्या. त्या चार मिलिमीटर खाली होत्या. आणि दहा मिलिमीटर डावीकडे.

डावीकडे. गुरुत्वाकर्षण डावीकडे ओढत नाही, हे आठवीतली मुलगीही सांगेल. रविवारी दुर्बिणीतून तो डावा सरक मी पाहिला होता. माझ्या समीकरणात त्याला जागा नव्हती, म्हणून मी तो मुलीच्या खात्यात टाकला.

बांधाजवळच्या दगडावर बसून मी पुन्हा विचार केला. मी हिशेब सुरू केला होता तो गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडल्यापासून. त्याआधीचं काही धरलंच नव्हतं. दारू पेटते तेव्हा गोळी नळीतून धावत असते, दोन-तीन सहस्रांश सेकंद. तेवढ्यात रायफल मागे ढकलली जायला लागते, तोंड वर उचललं जातं, आणि नळी थरथरते, टेबलाच्या कडेला धरलेली पट्टी टिचकी मारल्यावर थरथरते तशी, वरखाली आणि आडवीही. त्या थरथरीत तोंड ज्या क्षणी जिकडे वळलेलं असेल तिकडे गोळी निघून जाते. जुनी गोळी सावकाश निघे, तोवर तोंड थोडं वर आलेलं असे. नवी लवकर निघाली, तोंड वर यायच्या आधी. म्हणून वेगवान असून खाली. प्रत्येक रायफलची थरथर निराळी, प्रत्येक दारूचा धक्का निराळा. खोक्यावरच्या वेगावरून ते निघत नाही. ते पाच गोळ्या मारूनच कळतं. आबांनी पाचच मागितल्या होत्या.

तिथे बसून मला सगळ्यात जास्त टोचलं ते गणित चुकणं नव्हतं. गणित चुकतं. मी ते बरोबर निघावं म्हणून आले होते, एका म्हाताऱ्या माणसाची सही माझ्या टेबलाच्या खणात असताना, हे टोचलं.

घरी येऊन मी दुसरं पत्र लिहिलं. साइट मी बदलली, कुणाला न सांगता. नवीन गोळ्यांवर झिरो तपासायची मागणी मी नाकारली. नेमबाजाला दुरुस्ती करू दिली नाही. शस्त्रपाल साळुंखे यांचा यात काही दोष नाही. चार वाक्यं. ती लिहायला मला दुपार लागली, कारण पहिल्या तीन मसुद्यांत प्रत्येक वाक्याआधी मी कारण घातलेलं होतं.

बुधवारी सकाळी नानासोंकडे गेले. त्यांनी पत्र वाचून परत माझ्याकडे सरकवलं. "मॅडम, आबांचं पत्र झालंय की. काम भागतंय त्यात. तुमचा बिल्ला जाईल, शिकलेल्या बाईचं नाव..."

"ते पत्र खोटं आहे."

"त्यांनी स्वतःच्या मनानं..."

"मी टाइप केलं होतं, नानासो."

मग त्यांनी क्लबचा शिक्का काढला.

तिथून तासगावला गेले. यासीनभाईंचं दुकान स्टँडजवळ आहे. दारात द्राक्षाच्या रिकाम्या क्रेट, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि व्हार्निशचा वास. कशिश एका मोटारीच्या खाचेत कागद बसवत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. आधी स्क्रू, मग गोळ्या, मग जीपजवळचं वाक्य, मग आबांची सही.

यासीनभाईंनी माझ्यासाठी स्टूल पुसलं होतं, ते फडकं हातातच राहिलं. "मॅडम, आमच्याकडं बी आसंच असतं," ते शेवटी म्हणाले. "जळकी मोटार आली की आमी आधी बघतो कुणी बांधलीय. दुसऱ्यानं बांधलेली आसली तर त्याचं काम खराब. आपुनच बांधलेली आसली तर गिऱ्हाइकाला सांगतो, व्होल्टेज कमी-जास्त झालं."

हे मला सोडवण्यासाठी होतं. मी हसू शकले नाही.

कशिश म्हणाली, "मला माहीत होतं, मॅडम."

"काय?"

"साइट चुकलीय ते. पाच गोळ्या एका जागी बसल्यावर आणखी काय असणार? तुम्हीच शिकवलंय की, क्लबात आल्या-आल्या, फळ्यावर ते ठिपके काढून."

"मग स्क्रू का नाही फिरवलास?"

"तुम्ही नको म्हणालात."

तिने कागदाची पट्टी खाचेत दाबली. मग खाली बघतच म्हणाली, "शेवटच्या पाच गोळ्यांना मी नेमच वर आणि उजवीकडे धरला. स्क्रूला हात लावू नको म्हणाला होतात, नेमाबद्दल काही म्हणाला नव्हतात."

"अगं मग आधीपासूनच..."

"पंधरा गोळ्यांपर्यंत मला वाटत होतं, तुम्हालाच काहीतरी जास्त कळत असेल."

हाताला हिसका बसावा तसं ते वाक्य मला बसलं. आणि मी तिला म्हणाले होते, हात स्थिर झाला की नाही.

"उद्या मागे कोण बसणार?" तिने विचारलं.

"तू सांगशील तो. मी नसेन."

"आबांना आणा."

दुपारी कोरेगावची एसटी धरली. आबा शेतात नव्हते, दारात बसून हरभरा झोडत होते. मला पाहून उठले, अंगावरचा भुसा झटकला. "आवं मॅडम, तुमी? बसा. पानी आणतो."

मी आधी कागद पुढे केले. त्यांचं आणि माझं. माझं त्यांनी बोटाने ओळ धरून वाचलं.

"आबा, तुम्हाला सोमवारीच कळलं होतं."

"आयतवारीच कळलं हुतं. हायवेला पेटी उघडल्याबरुबर. मी लावलेली रेघ न् मीच हलवंन व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाचं नाव घ्यू? दोनच किल्ल्या. येक माजी." ते थांबले. "मला वाटलं, सांगतील. रस्त्यात सांगतील, न्हाईतर बैठकीत. सही करूस्तवर वाटत हुतं."

अंगणात एक कोंबडी भुसा उकरत होती. मी तिच्याकडे बघत राहिले.

"कागदावर काढलं हुतं न्हवं तुमी?" त्यांनी विचारलं. "काय चुकलं?"

मी त्यांना नळीची थरथर सांगितली, पट्टीचं उदाहरण देऊन. त्यांनी नीट ऐकलं, मधे एकदा "अस्सं" म्हणाले. मग म्हणाले, "आमाला उस्ताद सांगायचा, राऊंड बदलला की रायफल नवी धरायची. कशामुळं ते त्यालाबी ठावं नसंल. आज कळलं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी त्यांचं पत्र फाडायला हात पुढे केला, तर त्यांनी ते घडी करून खिशात टाकलं. "ऱ्हाऊ द्या. लागंल पुन्ना कुणालातरी." आणि स्वतःच मोठ्याने हसले.

गुरुवारी साताऱ्याला आम्ही चौघं गेलो. पत्र दिल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी माझा बिल्ला काढून घेतला आणि आबांना एका दिवसाचा पास दिला. मला काचेमागच्या बाकांवर बसायची मुभा होती. मी बसले नाही. बाहेर पायरीवर थांबले. भिंतीतून आवाज येत होता.

पाच गोळ्या. मग शांतता. एखादा मिनिट असेल, मला जास्त वाटला. आत ती स्क्रू फिरवत होती. त्यावर आबा काही म्हणाले असतील किंवा नसतीलही. मग मोजायच्या वीस, सारख्या अंतराने. मी बोटांवर मोजल्या.

एकशे नव्वद. यादीत ती दुसरी गेली. कशिश बाहेर आली, पाणी प्यायली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. पण मधे एका माणसाची जागा सोडून. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, रजिस्टरात गोळ्यांच्या लॉटचा रकाना करा. आबा म्हणत होते." मी हो म्हणाले. त्या रजिस्टरात तारीख होती, नाव होतं, संख्या होती, सही होती. सहा वर्षं माझ्या नोंदींचं कौतुक होत होतं आणि गोळी कुठली हेच त्यात नव्हतं.

आता तो रकाना आहे. किल्ली आबांकडे आहे, एकच. कशिशच्या रायफलच्या स्क्रूवर दोन रेघा आहेत. पांढरी जुन्या गोळीची, आणि तिच्या जरा वर लाल, नव्या गोळीची. पांढरीच्या खाली चार क्लिकवर, मी जिथे गेले होते तिथे, काहीच खूण नाही. रविवारी मी रजिस्टर भरायला जाते तेव्हा आबा रायफल पुसत असतात, आणि माझी नजर आधी त्या कोऱ्या जागेवर जाते.